सांडम

माझे माहेर साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. आमच्याकडची जुनी बागायत फडाची. नदीवर दगडी बंधारा, त्याच्या एका अंगाने निघालेला पाट, पाटाच्या चाऱ्या आणि त्या चाऱ्यांवर भिजणारे फड, म्हणजे अनेकांच्या शेतांचे मोठे पट्टे, ही सारी रचना कित्येक पिढ्यांपूर्वी गावकऱ्यांनी उभी केली आणि गावकऱ्यांनीच चालवली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, ऊस तर ऊस, गहू तर गहू. पाटातला गाळ दरवर्षी सगळ्यांनी मिळून काढायचा. आणि पाणी सोडण्याचे, बंद करण्याचे काम पाटकऱ्याने पाहायचे. माझे आजोबा पाटकरी होते. त्यांच्याबरोबर बांधाबांधाने हिंडताना एक शब्द माझ्या कानावर पडला, जो पुढे कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला भेटला नाही. फड भिजून उरलेले पाणी ज्या वाटेने परत नदीत जाते, त्या वाटेला आमच्याकडे सांडम म्हणत.

आजोबा पाटाच्या मुखाकडे जेवढे जात, त्याहून अधिक वेळा सांडमाकडे जात. तिथे गवत माजले, गाळ बसला किंवा कोणी सोयीसाठी दोन दगड टाकले, तर शेवटच्या शेतात पाणी तुंबते, काळी जमीन चिबडते आणि त्या शेतकऱ्याचे वर्ष वाया जाते. ते अहिराणीत म्हणत, ‘पानी येवानी वाट समदास्ले माहीत ऱ्हास, जावानी वाट पाटकरीलेच.’ त्या वयात मला ते त्यांच्या कामाचे कौतुक वाटे. पुढे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझी बत्तीस वर्षे गेली, आणि नोकरीच्या अखेरीस केव्हातरी माझ्या लक्षात आले की सांडम आणि सांडपाणी हे दोन्ही शब्द एकाच धातूतून आलेले आहेत. फडाच्या व्यवस्थेत सांडलेल्या पाण्यालाही वाट होती, त्या वाटेला एक माणूस नेमलेला होता आणि त्या माणसाला गावाकडून धान्य मिळत होते. आमच्या मोरीतून आणि संडासातून रोज जे सांडते, त्याच्या वाट्याला यातले काय आले, हे मी फार उशिरा पाहिले. तेही माझ्याच दारात.

आमच्या घराची मैलाटाकी अकरा वर्षे आम्ही उघडली नव्हती. एका जानेवारीत तळमजल्यावरच्या मोरीतून पाणी उलटे येऊ लागले, तेव्हा कुठे तिची आठवण झाली. विजेच्या खांबावर रंगवलेल्या एका नंबरावर फोन केला आणि रात्री दहाच्या सुमारास टँकर आला. बरोबर दोन माणसे होती. त्यांतला एक जेमतेम विशीचा. पायात रबरी चपला, हातात काही नाही. त्याने पहारीने झाकण सरकवले. आत साय धरावी तसा घट्ट, तपकिरी थर होता, वीतभर जाडीचा. तो फोडण्यासाठी मुलगा बांबू घेऊन टाकीच्या तोंडावर ओणवा झाला.

त्या क्षणी मला माझी फळ्यावरची अक्षरे दिसली. हायड्रोजन सल्फाइड हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि बंद टाकीत तो तळाशी साचून राहतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की तो आधी वास घेण्याची शक्तीच बधिर करतो, त्यामुळे वास थांबला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि आणखी खाली वाकतो. प्रमाण फार असेल तर दोन-चार श्वासांत शुद्ध जाते. हे मी दरवर्षी शिकवत होते, प्रश्नपत्रिकेत विचारत होते आणि उत्तराला गुण देत होते. मी त्याला म्हटले, बाळा, वाकू नकोस, थोडा वेळ झाकण उघडेच राहू दे. तो हसून म्हणाला, ‘माय, तुम्ही घरमा जा, वास येई.’ माझ्या वाट्याला वास येऊ नये, याची काळजी त्याला होती.

पंपाचा पाइप आत सोडून त्यांनी अर्ध्या तासात टाकी उपसली. जाताना मी विचारले, हे आता कुठे टाकणार? उत्तर सरळ होते. ‘जठे जागा भेटस तठे.’ मी दोन हजार रुपये दिले आणि फाटक लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघाले, तर वसाहतीच्या मागच्या नाल्याच्या काठावर गाडीच्या चाकांच्या खुणा होत्या आणि तिथून खाली नाल्यापर्यंत एक करडा, अजून ओला असलेला ओघळ गेलेला होता. नाला पुढे नदीला मिळतो. तो ओघळ माझ्या घरातून निघालेला होता. त्याला दुसऱ्या कोणाचे नाव देण्याची सोय मला राहिली नव्हती.

मैलाटाकी म्हणजे शुद्धीकरण, असा आपल्याकडे फार मोठा गैरसमज आहे, आणि शिकलेल्या घरांतही तो तेवढाच पक्का आहे. टाकीत जड भाग तळाशी बसतो, हलका वर तरंगतो आणि मधले पाणी बाहेर पडते. त्या पाण्यातली निम्म्याहून अधिक घाण आणि जवळजवळ सगळे रोगजंतू तसेच असतात. म्हणून ते शोषखड्ड्यात मुरवायचे असते आणि तळाचा गाळ दर दोन-तीन वर्षांनी उपसायचा असतो. आमच्या वसाहतीत एकाही घराला शोषखड्डा नाही. बांधकामाच्या वेळी गवंड्याने टाकीची निकासनळी सरळ रस्त्याकडेच्या उघड्या गटारीत सोडली आणि आम्ही सगळ्यांनी, मी धरून, त्याला ‘ड्रेनेजची सोय झाली’ असे म्हटले.

आमच्या आयांच्या पिढीला एवढीही सोय नव्हती. गावात बायकांची गोदरी, म्हणजे शौचाला जायची जागा, पाटाच्या पलीकडच्या बाभळींमध्ये होती. पहाटे उजाडण्याआधी किंवा दिवेलागणीनंतर, दोघी-तिघी मिळून. लग्नाकार्याला दुसऱ्या गावी गेलो की आई दुपारनंतर पाणी पीत नसे. कोणी तांब्या पुढे केला की ओठ ओले करून परत देई. वैशाखातल्या खानदेशी उन्हात, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर असताना, मांडवात दिवसभर वावरणारी बाई पाणी पीत नाही, यात कोणाला काही वावगे दिसत नव्हते. मी पुढे शिकायला शहरात आले, तर तिथल्या वाड्यात टोपलीचे संडास होते. मागच्या गल्लीत उघडणारी एक लहान झडप, तिच्याआड टोपली आणि ती टोपली पहाटे उचलून नेणारी एक बाई. दोन वर्षे त्या वाड्यात राहूनही तिचा चेहरा मी पाहिला नाही. तिच्यासाठी गल्लीच वेगळी होती. दिवाळीच्या दिवशी मालकीणबाई वरून तिच्या पदरात फराळ टाकत, तेव्हा दोन हातांच्या बांगड्या तेवढ्या मला दिसल्या होत्या.

हे सगळे बदलले, हे मान्य केलेच पाहिजे. २००० साली महाराष्ट्रात संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा ज्या गावांनी खराट्याला कधी हात लावला नव्हता, त्या गावांच्या चावडीवर संडासांची यादी लागली. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान आले आणि घरटी बारा हजार रुपयांचे अनुदान मिळू लागले. माझ्या भावजयीला आज रात्री-अपरात्री बाभळीत जावे लागत नाही, ही गोष्ट मी कोणत्याही आकडेवारीपेक्षा मोठी मानते. पण आपण दार बांधले, भांडे बसवले, वर पत्रा टाकला आणि भांड्याच्या खालचे मात्र गवंड्यावर सोपवून दिले.

भावाच्या घराचे बांधकाम निघाले, तेव्हा मी मुद्दाम गावी जाऊन बसले होते. गावात सगळ्यांनी एकच खड्डा खणलेला, आठ-दहा हात खोल, ‘एकदा केला की जन्मभर भरायला नको’ अशा हिशेबाने. अनुदानाच्या नकाशात दोन उथळ खड्डे होते. मधे वाय आकाराचा चेंबर. एक खड्डा भरला की चेंबरमध्ये त्याची वाट बंद करून दुसऱ्याची उघडायची आणि पहिला दीड-दोन वर्षे झाकून ठेवायचा. भिंती जाळीच्या विटकामाच्या, म्हणजे पाणी मातीत मुरते आणि मैला मागे राहतो. आमची जमीन काळी, चिकण. पाणी पटकन मुरू न देणारी. म्हणून खड्ड्याभोवती वीतभराहून जास्त जाडीचा वाळूचा आणि विटांच्या तुकड्यांचा थर द्यावा लागतो. गवंडी म्हणाला, असे कोणी करत नाही. भाऊ माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मी म्हटले, विहीर किती अंतरावर आहे ते मोज, आणि मग सांग.

पहिला खड्डा चार वर्षांनी भरला. वाट वळवली. आणखी दोन वर्षांनी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, आम्ही तो उघडायचे ठरवले. गावातले कोणी जवळ आले नाही. भावजय ओसरीवरून पदर नाकाला लावून पाहत होती. तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात २०१७ साली केंद्र सरकारच्या स्वच्छता विभागाचे सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः खड्ड्यात उतरून खत उपसत असल्याचे छायाचित्र मी भावाला दाखवले होते, तरी त्याचा हात अडखळत होता. शेवटी फावड्याने त्याने एक खेप वर काढली. चहाच्या भुकटीच्या रंगाची, कोरडी, भुसभुशीत माती. मी मूठभर हातात घेतली, चुरली, नाकाशी नेली. पहिल्या पावसात वावरातून येतो तसा वास. भावाने मग स्वतः घमेले भरले आणि लिंबाच्या आळ्यात ओतले. त्यावर तो एक शब्द बोलला नाही. पण संध्याकाळी शेजारच्या आबांना ओढून आणून त्याने ते आळे दाखवले.

शहरात असे खड्डे शक्य नसतात; घराला घर लागलेले असते. तिथे भुयारी गटार आणि तिच्या टोकाला सांडपाणी प्रक्रिया केंद्र हवे. विद्यार्थ्यांना घेऊन मी अशा केंद्रांवर अनेकदा गेले आहे, आणि मुलांनी पहिल्यांदा नाकाला लावलेले रुमाल अर्ध्या तासात आपोआप खाली येतात, हे दर वेळी पाहिले आहे. आधी जाळीवर कापड, पिशव्या, नारळाच्या शेंड्या अडतात; मग संथ टाकीत वाळू बसते; आणि मग ती मुख्य टाकी येते, जिच्या तळातून हवा सोडलेली असते आणि जिच्यात चॉकलेटी रंगाचे पाणी रात्रंदिवस खदखदत असते. ते रसायन नव्हे. ती जिवंत टाकी आहे. तिच्यात जिवाणूंचे पुंजके तरंगत असतात आणि सांडपाण्यातली घाण हे त्यांचे अन्न असते.

ही रीत १९१४ साली मँचेस्टरमध्ये एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी बसवली. त्यांनी बाटलीत सांडपाणी घेऊन त्यात हवा सोडली, तेव्हा ते पुरते शुद्ध व्हायला पहिल्या खेपेस सुमारे पाच आठवडे लागले. पण तळाशी बसलेला गाळ त्यांनी फेकला नाही. तो तसाच ठेवून वर नवे सांडपाणी घातले, पुन्हा हवा सोडली, पुन्हा गाळ ठेवला; आणि असे करत करत पाच आठवड्यांचे काम एका दिवसाच्या आत येऊन बसले. मी वर्गात हे सांगताना विरजणाचा दाखला देत असे. आजच्या दह्यातले चमचाभर उद्याच्या दुधासाठी राखून ठेवणारी प्रत्येक घरातली बाई या शोधाच्या अगदी जवळ उभी आहे. प्रक्रिया केंद्रातही बसलेल्या गाळाचा एक भाग पंपाने परत हवेच्या टाकीत नेतात. तेच विरजण.

त्या टाकीतले लिटरभर पाणी काचेच्या उंच नळकांड्यात घ्यायचे आणि अर्धा तास हलवायचे नाही, ही तिथली सर्वांत साधी चाचणी. पहिली दोन-तीन मिनिटे काहीच घडत नाही. मग पुंजके एकमेकांना धरू लागतात, वरच्या काठाशी बोटभर निवळ पट्टी दिसते, ती हळूहळू खाली उतरते. आणि अर्ध्या तासाने तळाशी तपकिरी गादी व वर नितळ पाणी असे दोन भाग उभे राहतात. वर्तमानपत्र मागे धरले तर अक्षरे वाचता येतात. ते पाणी पिण्याचे नव्हे. त्यात रोगजंतू असतात आणि पुढे त्याला क्लोरिन द्यावा लागतो. पण दोन तासांपूर्वी ते कसे होते हे पाहिलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर जे येते, त्यासाठी मी ती सहल कधी चुकवली नाही. तळाच्या गादीतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की घंटेच्या आकाराचे व्हॉर्टिसेला नावाचे एकपेशीय जीव दिसतात, बारीक देठावर डोलणारे. काच जरा हलली की देठ स्प्रिंगसारखा आखडून घेतात. ते दिसले म्हणजे टाकी निरोगी आहे असे समजायचे.

आणि हवा बंद पडली की ही टाकी मरते. केंद्राच्या विजेतली निम्म्याहून अधिक वीज एकट्या हवेसाठी लागते. एकदा आम्ही गेलो, तेव्हा त्या केंद्रावर दोन दिवस वीज नव्हती आणि जनित्राला डिझेल नव्हते. टाकी शांत होती, पृष्ठभाग काळसर, वास असह्य. वरून सांडपाणी येतच होते आणि तसेच पुढे नदीत जात होते. तिथला ऑपरेटर, चाळिशीतला गृहस्थ, कठड्याला धरून उभा होता. तो म्हणाला, ‘मॅडम, हे पुन्हा वर यायला पंधरा दिवस लागतील.’ घरातले दुभते जनावर आजारी पडल्यावर माणूस बोलतो, तसा त्याचा आवाज होता.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशाच्या शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होते. उभारलेल्या केंद्रांची क्षमता होती ३१,८४१ दशलक्ष लिटर, आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होत होती ती २०,२३६ दशलक्ष लिटरवर. दहा तांबे पाणी सांडले, तर तीनही तांबे पुरते शुद्ध होत नव्हते. मला यातला पहिल्या दोन आकड्यांमधला फरक तेवढा बोचत नाही. तो पैशाचा प्रश्न आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यातला फरक बोचतो. तिथे केंद्र बांधलेले आहे, कोनशिला बसलेली आहे आणि त्या ऑपरेटरकडे डिझेल नाही.

खानदेशाला हे अधिक महाग पडते. घाण मोजण्याची जी जागतिक चाचणी आहे, जिच्यात जिवाणू किती प्राणवायू खातात हे पाहतात, ती विलायतेत वीस अंशांवर पाच दिवस चालवतात. आपल्याकडे तीच सत्तावीस अंशांवर तीन दिवसांत करतात, कारण उष्म्यात जिवाणू भराभर खातात. दुसरीकडे पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो: वीस अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर पस्तीस अंशांना जेमतेम ७. म्हणजे आमच्या चैत्र-वैशाखात नदीची भूक वाढते आणि ताटातले कमी होते. त्यातून आमच्या नद्या बारमाही नाहीत. पांझरा, बोरी, गिरणा यांच्या पात्रांत मार्चनंतर वरून काही वाहत येत नाही. शहराखाली जे वाहताना दिसते, ते शहराने सांडलेलेच असते, आणि त्यात मिसळायला दुसरे पाणी नसते.

भुयारी गटारीलाही पाणी लागते, हे मला नोकरीच्या शेवटी एका निवृत्त अभियंत्याने समजावले. नळीत गाळ बसू नये म्हणून दिवसातून एकदा तरी प्रवाहाचा वेग सेकंदाला ०.६ मीटर व्हावा लागतो. त्यासाठी भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी गृहीत धरत; नसलेल्या शहरात ७० लिटर. आमच्याकडे नळाला पाणी चार-सहा दिवसांनी, कुठे त्याहून उशिरा येते. बायका धुण्याचे पाणी फरशीला, फरशीचे पाणी संडासाला असे पुरवून पुरवून वापरतात. मग गटारीत वेग कुठून येणार? गाळ बसतो, तुंबते, आणि चेंबरचे झाकण काढून कोणाला तरी आत उतरवले जाते. पाणी कमी सोडायचे आणि गटार मोठ्या शहराची आखायची, हा हिशेब कागदावर जुळतो. त्यातली बाकी त्या उतरणाऱ्या माणसाच्या अंगावर पडते.

त्याला उतरवणे हा गुन्हा आहे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा मैलाटाकीत माणूस उतरवण्याला बंदी केली. १९९३ पासून अशा कामात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. हा कायदा मी त्या जानेवारीच्या रात्रीनंतर शोधून वाचला. तोवर मला हायड्रोजन सल्फाइडचे रासायनिक सूत्र माहीत होते, हे कलम माहीत नव्हते; आणि ज्याला माझ्या टाकीवर ओणवे व्हावे लागले, त्याचे नाव विचारायचेही मला सुचले नव्हते.

पांझरा मुडावदजवळ तापीला मिळते. तापी पुढे सारंगखेडा, प्रकाशा करत उकाईच्या जलाशयात जाते आणि तिथून सुरतेला. खानदेशातल्या कोणत्याही गावात विचारा, घरटी एक माणूस सुरतेत निघेल. लिंबायत, उधना, पांडेसरा ही नावे आमच्याकडे तालुक्याच्या गावांसारखी बोलली जातात. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग पसरला, तेव्हा माझा मावसभाऊ बायकामुलांसह रात्रीच्या गाडीने आमच्याकडे आला होता. महिनाभर त्याच्या खोकल्याकडे सगळे कान लावून होते. तुंबलेले पुराचे पाणी, मेलेली जनावरे आणि न उचललेला कचरा यांतून ते संकट वाढले, असे तो सांगे. त्या शहराने नंतर स्वतःला धुऊन काढले. २०१४ पासून तिथे बमरोलीच्या केंद्रात सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करून रोज ४० दशलक्ष लिटर पाणी पांडेसऱ्याच्या कापड गिरण्यांना विकण्याची सोय झाली. ज्या डाइंग मिलमध्ये आमची मुले काम करतात, तिथे कापड धुतले जाते ते सुरतेच्या सांडपाण्यातून शुद्ध केलेल्या पाण्यात. आणि सुरतेच्या नळाला येणाऱ्या तापीत आम्ही वरून काय सोडतो, ते मी वर लिहिले आहे.

विकण्याजोगे पाणी आमच्याकडेही आहे. औष्णिक वीजकेंद्रापासून पन्नास किलोमीटरच्या आत सांडपाणी प्रक्रिया केंद्र असेल, तर वीजकेंद्राने तेच शुद्ध केलेले पाणी वापरावे, असे २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणात म्हटले आहे. नागपूरच्या भांडेवाडी प्रक्रिया केंद्राचे पाणी कोराडीच्या वीजकेंद्राकडे जाते. खानदेशात दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र आहे. भुसावळ त्याच्या दारात आणि जळगाव त्या पन्नास किलोमीटरच्या आत. जेवढे पाणी असे फिरेल, तेवढे धरणातले पाणी नळासाठी मोकळे होईल.

पण मला वीजकेंद्रापेक्षा नाल्याकाठच्या शेतकऱ्याची चिंता अधिक आहे. शहराखालच्या नाल्यांवर आज मोटारी लावलेल्या आहेत. एप्रिलात विहिरी आटल्या की हेच एक पाणी त्याला मिळते, आणि त्यात नत्र व स्फुरद फुकटचे असते, त्यामुळे मेथी-पालक असा काही हिरवागार येतो की बाजारात आधी तोच उचलला जातो. त्याच्या पानांवर जंतांची अंडी असतात आणि पाण्यात उभे राहणाऱ्या बाईच्या पायांना बारमाही खाज. त्या शेतकऱ्याची मोटार उचलून नेणे हा उपाय मला पटत नाही. पाणी शुद्ध करून द्यावे. ते होईपर्यंत कच्ची खायची पालेभाजी त्यावर घेऊ नये. ठिबकने मुळाशी द्यावे. काढणीआधी काही दिवस हे पाणी बंद ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांतही असेच अडसर एकामागून एक उभे करायला सांगितले आहे. ठिबक आमच्या जिल्ह्यांना शिकवायला नको. केळी तर साल काढूनच खायची असते आणि घड जमिनीपासून पुरुषभर उंचीवर लागतो. शुद्ध केलेले सांडपाणी ठिबकने केळीला देण्यात मला कोणतीही अडचण दिसत नाही.

मागच्या वर्षी आमच्या टाकीला पुन्हा तीन वर्षे पूर्ण झाली. या खेपेला मी दिवसा टँकर बोलावला आणि फोनवरच सांगितले की गाडी प्रक्रिया केंद्रावर रिकामी होणार असेल तरच या. जाण्यायेण्याचे डिझेल मी देईन. हातमोजे आणि बूट घेऊन या म्हटले, तर पलीकडे थोडा वेळ कोणी बोलले नाही. गाडीबरोबर तोच मुलगा होता. आता मिशी फुटलेली. मी नाव विचारले, त्याने सांगितले. झाकण उघडून आम्ही अर्धा तास थांबलो, चहा झाला, आणि मग बांबूऐवजी पंपाच्याच पाण्याच्या झोताने थर फोडला. तीन वर्षांचा थर पातळ होता, लगेच फुटला.

मी स्कूटरवरून टँकरच्या मागे केंद्रापर्यंत गेले. फाटकावरच्या रखवालदाराने एक लांबट वही काढली. तारीख, गाडीचा नंबर, किती लिटर, कुठून, असे रकाने आखलेली. त्याने माझा पत्ता विचारून लिहिला आणि सही करायला वही माझ्याकडे वळवली. महिन्याची सव्वीस तारीख होती. पानावर त्या महिन्याच्या दोन नोंदी होत्या, माझी तिसरी.